फेझंटसाठी जुनी ऑटोमॅटिक बंदूक: ऑटो-५, ११-४८ की ११००?

तुलनेला बसण्याआधी काडतूस ठरवावं. जुन्या सेमी-ऑटोमॅटिक छऱ्याच्या बंदुकांवर जेवढे वाद होतात, त्यांतले निम्मे एवढ्याचसाठी होतात की एकाने बंदूक क्ले पिजनच्या (हवेत फेकायच्या मातीच्या तबकड्यांच्या) हलक्या काडतुसांवर पारखलेली असते आणि दुसऱ्याने नोव्हेंबरातल्या फेझंट या रानपक्ष्याच्या शिकारीच्या भारी काडतुसांवर. दोघंही खरं बोलत असतात. या बंदुकांचं पोट काडतुसाच्या ताकदीवर चालतं. काडतूस बदललं की बंदुकीचा स्वभाव बदलतो.

आमच्या डोळ्यासमोर साउथ डकोटा आणि आयोवातली चालती शिकार होती. कापलेल्या मक्याच्या कडेने आणि कमरेएवढ्या गवतातून चालायचं, कुत्रा पुढे. नर फेझंट उठतो तेव्हा १५ यार्डांवर असतो, बार निघेपर्यंत २५ ते ३० वर गेलेला असतो. सीझन सरत आला की हेच अंतर ४० वर जातं. त्यामुळे बारा बोअरला (बोअर म्हणजे नळीच्या रुंदीचं माप) पावणेतीन इंची, सव्वा औंस, ६ नंबरचं शिसं. सोळा बोअरला १⅛ औंस. वीस बोअरला १ औंस, छरा तोच. जोडीला होल्यांसाठी आणि सरावासाठी बारा बोअरचं १⅛ औंस साडेसात नंबर. एवढीच काडतुसं सगळ्या बंदुकांतून चालवली. टेबलावर ब्राउनिंग ऑटो-५ होती (बेल्जियमची, लाइट ट्वेल्व्ह आणि स्वीट सिक्स्टीन), रेमिंग्टन ११-४८, रेमिंग्टन ११०० आणि वीस बोअरची फ्रांकी ४८ एएल.

या चौघींत तीन एकाच गोत्राच्या आहेत. ऑटो-५, ११-४८ आणि फ्रांकी या ‘लाँग रिकॉइल’ बंदुका. बार निघाला की नळी आणि बोल्ट (काडतुसामागचं सरकतं झाकण) एकमेकांत अडकलेल्याच मागे येतात, काडतुसाच्या लांबीपेक्षाही जास्त. मागच्या टोकाला बोल्ट अडतो आणि नळी एकटी पुढे परतते. रिकामं काडतूस बोल्टच्या चिमट्यात राहतं, नळी त्याच्यावरून निसटून जाते आणि ते बाहेर फेकलं जातं. मग कॅरियर नवं काडतूस वर उचलतो आणि बोल्ट ते घेऊन पुढे जातो. खांद्याला हे दोन हिश्श्यांत कळतं: आधी मागचा धक्का, मग नळी परतल्याचा छोटा पुढचा झटका. सवय नसलेल्याला हा दुसरा झटका विचित्र वाटतो आणि त्यावरूनच ‘ऑटो-५ फार मारते’ अशी ख्याती झाली. खरं तर आठ पौंडांची ऑटो-५ नीट लावलेली असेल तर मुळीच मारत नाही. मारते ती चुकीची लावलेली. त्यावर पुढे येतोच.

११०० मध्ये नळी जागची हलत नाही. नळीच्या खालच्या बाजूला असलेल्या बारीक भोकांतून थोडा वायू खाली उतरतो, मॅगझिनच्या नळीवर (खालच्या, काडतुसं साठवणाऱ्या नळकांड्यावर) बसलेल्या पिस्टनला ढकलतो आणि पिस्टन बोल्टला. तो धक्का जरा लांबवून खांद्यावर पोचतो, म्हणून ११०० चं नाव मऊ बंदूक म्हणून झालं, आणि ते रास्त आहे.

वयाचं सांगायचं तर ऑटो-५ चं मूळ पेटंट १९०० चं. जॉन मोझेस ब्राउनिंगने ती आधी विंचेस्टरला देऊ केली, रॉयल्टीवरून बोलणं फिसकटलं. मग रेमिंग्टनकडे गेला, तर जानेवारी १९०२ मध्ये तो भेटीसाठी बसलेला असतानाच तिथले अध्यक्ष मार्सेलस हार्टली वारले. शेवटी बेल्जियममधल्या हेर्स्टालच्या एफएन कारखान्याने ती घेतली. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून काम जपानच्या मिरोकूकडे गेलं आणि शतक संपता संपता उत्पादन थांबलं. रेमिंग्टनने हीच रचना परवान्यावर ‘मॉडेल ११’ म्हणून काढली, १९४९ मध्ये तिची सुधारलेली, गोलसर पाठीची ११-४८ आणली आणि १९६३ मध्ये ११००. ११०० चा खप चाळीस लाखांच्या वर गेला. म्हणूनच आजही तिचे सुटे भाग सर्वात सहज मिळतात. जुनी बंदूक घेताना हा मुद्दा नक्षीकामापेक्षा मोठा आहे.

आता टेबलावरची तपासणी. बंदूक रिकामी आहे याची खात्री आधी चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं तिथे) आणि मग मॅगझिनच्या नळीत, डोळ्याने आणि बोटानेही. ऑटो-५ मध्ये डाव्या बाजूला मॅगझिन कट-ऑफ असतो. तो लावलेला असला की मॅगझिनमधली काडतुसं वर येत नाहीत आणि चेंबर रिकामं बघून माणूस निर्धास्त होतो. जुन्या मॉडेलांत सेफ्टी घोड्याच्या कड्याच्या आतच पुढच्या बाजूला असते. थंडीत जाड हातमोजा घालून ती चाळवताना बोट घोड्यावर जाऊ शकतं. चालत्या शिकारीसाठी आम्ही ते मॉडेल बाजूलाच ठेवलं. पुढे आलेली आडवी दाबायची सेफ्टी बरी.

नळी काढून उजेडाकडे धरायची आणि हळूहळू फिरवायची. आत सावलीची गोल रिंग दिसली, मागेपुढे सरकवल्यावर ती जागेवरच राहिली, तर नळी तिथे फुगलेली आहे. बाहेरून बोट फिरवलं तर कधी जाणवतं, कधी नाही. चोकच्या, म्हणजे नळीच्या तोंडाशी ती अरुंद होते त्या भागाच्या, मागे अशी रिंग असेल तर कोणीतरी तिच्यातून स्टीलचे छरे मारले असावेत असा संशय घ्यावा. चेंबरमध्ये गंजाचे खड्डे असतील तर रिकामं काडतूस अडकतं. उथळ असतील तर ०००० नंबरची स्टील वूल ब्रशला गुंडाळून, तेल लावून, हळू ड्रिलवर घासून निघतात. खोल असतील तर ती नळी सोडून द्यावी.

चेंबरची लांबी मोजल्याशिवाय पुढे जाऊ नये. महायुद्धाआधीच्या सोळा बोअर ऑटो-५ मध्ये चेंबर २ ९/१६ इंची, म्हणजे ६५ मिलिमीटरचं असतं. आजचं पावणेतीन इंची काडतूस त्यात बंद असताना बसतं, हीच गोम आहे. बार निघाल्यावर तोंड उघडायला जागा नसते, दाब चढतो. शिवाय बाहेर फेकायची खिडकीही आखूड असल्याने लांब झालेलं काडतूस तिच्यात अडतं. कोणी ‘जॅम होते, बाकी उत्तम’ म्हणून जुनी सोळा बोअर स्वस्तात देत असेल तर पहिला संशय इथेच घ्यावा. चेंबर गेज नावाची साधी पट्टी मिळते, ती खिशात ठेवावी.

नळीवरच्या खुणाही वाचता यायला हव्यात. बेल्जियमच्या ब्राउनिंगवर चोक ताऱ्यांनी लिहिलेला असतो: एक तारा म्हणजे फुल, एक तारा आणि आडवी रेघ म्हणजे इम्प्रूव्हड मॉडिफाइड, दोन तारे मॉडिफाइड, दोन तारे आणि रेघ इम्प्रूव्हड सिलिंडर, तीन तारे सरळ सिलिंडर. रेमिंग्टनच्या नळीवर डाव्या अंगाला बारीक अक्षरं असतात. पहिलं अक्षर महिन्याचं आणि ते ‘ब्लॅकपावडर-एक्स’ या बारा अक्षरांतून घेतलेलं: बी म्हणजे जानेवारी, एल फेब्रुवारी, असं एक्स डिसेंबरपर्यंत. त्यापुढचं अक्षर वर्षाचं. हे नळीचं वय झालं, बंदुकीचं नव्हे. नळ्या बदललेल्या असतात. ११०० मध्ये सीरियल नंबरच्या शेवटी व्ही असेल तर ती पावणेतीन इंची बारा बोअर, एम असेल तर तीन इंची मॅग्नम. एम वाली हलक्या काडतुसांवर रुसते. मॅग्नमच्या नळीला वायूसाठी एकच भोक असतं, साध्या नळीला दोन. विकणारा ‘साफ केली की चालेल’ म्हणतो. साफ करून ती चालत नाही. तिला भारी काडतूस किंवा साधी नळी लागते. भोक मोठं करायच्या फंदात पडू नये.

दस्त्याच्या मागच्या पट्टीचा एक स्क्रू काढून बघावा. १९६६ पासून १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत ब्राउनिंगने मिठाने सुकवलेलं अक्रोडाचं लाकूड वापरलं. ते मीठ लाकडाखालच्या लोखंडाला आतून खातं. बाहेरून बंदूक झळाळती असते आणि स्क्रू काढला की लाल भुगा पडतो. तसं दिसलं तर कितीही देखणी असली तरी हात जोडावेत.

पुढचं लाकूड, म्हणजे डाव्या हातात येतं ते, काढून आतून बघावं. ऑटो-५ चं हे हमखास दुखणं: मागच्या कडेला तडा. तडा म्हणजे नुसतं लाकडाचं नुकसान नव्हे. आधीच्या मालकाने ती बंदूक वर्षानुवर्षं चुकीच्या रिंगवर चालवली, याची ती पावती असते.

तर ती रिंग. ऑटो-५ उघडताना बोल्ट मागे ओढून अडकवायचा, दस्ता मांडीवर टेकवायचा, नळी थोडी खाली दाबून धरायची आणि मॅगझिनचं टोपण फिरवून काढायचं. दाबून न धरता टोपण काढलं तर स्प्रिंग नळीला वर फेकते. लाकूड आणि नळी निघाल्यावर मॅगझिनच्या नळीवर तीन वस्तू राहतात: लांब रिकॉइल स्प्रिंग, एक स्टीलची कडी आणि एक काशाचा, चीर असलेला छल्ला, ज्याच्या भोवती पातळ स्प्रिंगची पट्टी आवळलेली असते. हा छल्ला म्हणजे बंदुकीचा ब्रेक. नळीच्या खालच्या कड्याला आतून उतार आहे. नळी मागे येते तेव्हा तो उतार छल्ल्याला आवळतो, छल्ला मॅगझिनच्या नळीला घट्ट पकडतो आणि धक्का घर्षणात जिरतो. स्टीलच्या कडीलाही एका बाजूला तसाच उतार आहे. भारी काडतुसासाठी क्रम असा: रिसीव्हरकडून (बोल्ट ज्या पेटीत असतो तिच्याकडून) आधी स्प्रिंग, मग कडी (उतार पुढे, छल्ल्याकडे), मग छल्ला. म्हणजे छल्ला दोन्ही बाजूंनी आवळला जातो. हलक्या काडतुसासाठी कडी काढून सर्वात मागे, रिसीव्हरला टेकून ठेवायची. स्प्रिंगनंतर थेट छल्ला. तीन इंची मॅग्नम ऑटो-५ मधली मांडणी वेगळी असते, तिला हा नियम लावू नये.

बाजारातल्या बहुतेक ऑटो-५ हलक्या मांडणीत सापडतात, कारण त्या मांडणीत काहीही घातलं तरी चालतं. कोणी कधीतरी होल्यांसाठी बदललं आणि तसंच राहिलं. मग त्यातून सव्वा औंसची काडतुसं मारली जातात, नळी आणि बोल्ट पुरा ब्रेक न लागता रिसीव्हरच्या मागच्या भिंतीवर आपटतात, खांदा सुजतो आणि पुढचं लाकूड फाटतं. म्हणून नवी आलेली ऑटो-५ आधी भारी मांडणीवर लावायची. काडतूस पुरं बाहेर पडत नसेल तरच हलकीवर जायचं.

तेलाचंही तसंच आहे. मॅगझिनच्या नळीवर पातळ तेलाचा हात फिरवून कोरड्या फडक्याने पुसून घ्यायचं, एवढंच. तेल चोपडलं तर छल्ला घसरतो आणि ब्रेकच लागत नाही. अगदी कोरडी ठेवली तर उलटं, नळी पुरी मागे येत नाही. काशाच्या छल्ल्याची आतली बाजू बघावी: एकसारखी पिवळी-चकचकीत असेल तर पकड चांगली; काळे पट्टे असतील तर जुनं तेल जळून बसलंय, ते साफ करावं; कडा धारदार झाल्या असतील तर छल्ला झिजलाय. रिकॉइल स्प्रिंग पन्नास-साठ वर्षांची असेल तर न बघता नवी घालावी. सगळ्या तक्रारींवर एवढा स्वस्त उपाय दुसरा नाही. हेच दस्त्याच्या आत नळकांड्यात बसलेल्या बोल्टच्या स्प्रिंगलाही लागू. ती ११०० मध्येही तिथेच असते, तिथे गंज आणि काळा राळ साठतो, आणि ती कोणी उघडत नाही. थंडीत बोल्ट आळसावल्यासारखा पुढे जातो तेव्हा दोष बहुतेक तिथला असतो.

११-४८ मध्ये ही रिंगची कटकट नाही. तिचा घर्षणाचा भाग काडतुसाप्रमाणे आपोआप जुळवून घेतो, कडी उलटसुलट करायची नाही. रिसीव्हर गोल उतरता, वजन बारा बोअरला साडेसात पौंडांच्या आसपास. सोळा आणि वीस बोअरमध्ये तर आलीच, पण अठ्ठावीस आणि .४१० मध्ये निघालेली ही पहिलीच ऑटोमॅटिक. दिसायला साधी, संग्राहकांना तिचं कौतुक नाही, म्हणून भाव पडलेला. आमच्या मते चालत्या शिकारीसाठी पैशाच्या मानाने सगळ्यात चांगली बंदूक हीच. अडचण एक: उत्पादन १९६८ ला थांबलं आणि सुटे भाग आता मोडलेल्या बंदुकांतूनच येतात. त्यामुळे कॅरियर, एक्स्ट्रॅक्टर (रिकामं काडतूस ओढणारा चिमटा) आणि नळीचं कडं घेण्याआधीच नीट तपासावं. कड्याच्या जोडावर बारीक भेग शोधायला टॉर्च आणि भिंग वापरावं.

११०० उघडली की पहिलं बघायचं ते रबराची ओ-रिंग. मॅगझिनच्या नळीवर पुढच्या खाचेत ती बसते, तिच्या मागे एकमेकांत बसणाऱ्या उताराच्या दोन स्टीलच्या रिंगा. ओ-रिंग वाळली, चिरली किंवा गायब असली तर वायू गळतो आणि बंदूक एकेक काडतूस हाताने भरायची होऊन बसते. ‘११०० बिघडली’ म्हणून विकायला आलेल्या बंदुकांतल्या कितीतरी या एका रबरापायी आलेल्या असतात. दोन-तीन रिंगा दस्त्याच्या डबीत किंवा टोपीच्या घडीत बाळगाव्यात. काढताना खाचेतून टोकदार वस्तूने उचकटू नये. बोटाने एका बाजूला गोळा करून उचलावी. त्याखाली नळीचा पृष्ठभाग बघावा. काजळी आणि ओल मिळून तिथे गंज धरतो, आणि ही नळी रिसीव्हरला पक्की जोडलेली असल्याने बदलणं सोपं नाही. खोल खड्डे असतील तर नकोच. वायूची भोकं पाइप क्लीनरने साफ करावीत. आणखी एक गोष्ट: स्वस्त काडतुसांचं बूड पितळेऐवजी मुलामा दिलेल्या लोखंडाचं असतं. ते फुगून चेंबरला चिकटतं, आणि मग दोष बंदुकीला लावला जातो. त्याच बंदुकीतून पितळी बुडाची काडतुसं घालून बघा.

फ्रांकीचं थोडक्यात: अ‍ॅल्युमिनियमचं रिसीव्हर, वीस बोअरमध्ये साडेपाच पौंडांच्या आसपास, म्हणजे अडीच किलो. दिवसभर हातात धरून चालायला तिच्यासारखी दुसरी नाही. पण वजन कमी म्हणजे धक्का जास्त, आणि इतकी हलकी बंदूक पक्ष्यामागे फिरवताना मध्येच थांबते. ज्याचा हात बसलाय त्याने घ्यावी. विंचेस्टरच्या १९५४ च्या मॉडेल ५० मध्ये नळी जागेवर राहते आणि फक्त चेंबर मागे सरकतं. सुंदर कल्पना, पण चेंबरभोवतीची काजळी काढण्यात संध्याकाळ जाते. त्याच कंपनीची १९११ ची बंदूक तर बघायलाच ठेवावी. ब्राउनिंगची पेटंटं टाळण्यासाठी तिला बोल्टचा हँडलच दिला नाही, नळीच ओढून बोल्ट मागे न्यायचा. लोक दस्ता जमिनीवर टेकवून नळी खाली दाबायचे आणि तोंड आपल्या चेहऱ्याकडे असायचं. तिला ‘विधवा करणारी’ म्हणत.

बार काढण्याआधी डमी काडतुसांनी एक चाचणी घ्यायची. घोडा ओढून धरून ठेवायचा, त्या स्थितीत बोल्ट मागे ओढून सोडायचा, मग घोडा हळू सोडायचा. आत ‘टक’ असा आवाज यायला हवा, आणि पुन्हा ओढल्यावर हातोडा पडायला हवा. तसं झालं नाही, तर झिजलेला भाग एका ओढीत दोन बार काढू शकतो. ती बंदूक गनस्मिथकडे. खऱ्या काडतुसांनी सुरुवात करतानाही आधी एकच भरायचं, ते नीट निघालं की दोन. तीन-चार एकदम भरून ‘बघू काय होतं’ हे जुन्या ऑटोमॅटिकशी करू नये.

रेंजवर काडतूस कुठे पडतं ते बघायचं, त्यातच निदान असतं. ऑटो-५ चं रिकामं काडतूस आठ-दहा फुटांत पडलं तर रिंग बरोबर. पंधरा फुटांपलीकडे उडालं तर ब्रेक कमी: तेल पुसा, भारी मांडणी लावा. पायाजवळ पडलं किंवा खिडकीत उभं अडकलं तर ब्रेक जास्त, किंवा काडतूस हलकं. नळी परतली, काडतूस बाहेर आलं, पण नवं वर आलं नाही, तर मॅगझिनची स्प्रिंग बसलेली आहे किंवा आत कोणीतरी लाकडी प्लग (जास्त काडतुसं मावू नयेत म्हणून घालायचा दांडा) वाकडा घातलाय. ११०० मध्ये काडतूस निम्मं निघून बोल्टखाली दबलं, तर ओ-रिंग, भोकं, मग एक्स्ट्रॅक्टर या क्रमाने बघावं.

मग कागद. ४० यार्डांवर मोठा कागद लावायचा, बार काढायचा, छऱ्यांच्या दाटीवर ३० इंचांचं वर्तुळ आखायचं आणि आतली भोकं मोजायची. शिशाच्या ६ नंबरचे औंसाला २२५ छरे धरतात. म्हणजे सव्वा औंसात २८१. फुल चोकने त्यातले ७० टक्के, म्हणजे १९७ आत यावेत. मॉडिफाइडने ६० टक्के, १६९. इम्प्रूव्हड सिलिंडरने निम्मे, १४०. सोळा बोअरच्या १⅛ औंसात २५३ छरे, मॉडिफाइडने १५२ आत. जुन्या बंदुकांबाबत इथे एक गोष्ट दरवेळी पुढे येते. त्यांचे चोक काडतुसात छऱ्यांमागे फेल्ट आणि पुठ्ठ्याचे डट्टे असायचे त्या काळात कापलेले आहेत. १९६० च्या दशकात प्लास्टिकचा कप आला, छरे नळीला घासायचे थांबले आणि त्याच चोकमधून पॅटर्न (कागदावरचा छऱ्यांचा फैलाव) घट्ट व्हायला लागला. मॉडिफाइड लिहिलेली नळी आज फुलसारखी मारते. २० यार्डांवर फुलचा घेर जेमतेम १६ इंच, इम्प्रूव्हड सिलिंडरचा २६. कुत्र्यासमोरच्या पक्ष्यासाठी फुल चोक म्हणजे एकतर हवेत बार, नाहीतर ताटात घ्यायच्या लायकीचा न राहिलेला पक्षी. दोन तारे आणि रेघ असलेली बेल्जियन नळी मिळाली तर जास्त पैसे मोजावेत. मिळाली नाही तर मिरोकूची, बदलता चोक घेणारी नळी त्याच जातीच्या ऑटो-५ वर बसते, क्वचित पुढचं लाकूड आतून जरा घासावं लागतं. बेल्जियन नळीचा चोक उघडून घेणं सोपं आहे, पण किंमत पडते ती पडतेच.

पॅटर्न घेताना बार कुठे बसतो हेही बघावं. जुन्या दस्त्यांना उतार जास्त असतो, गालाखालून मागे जाताना खाली घसरतात. आजच्या उंच दस्त्यांची सवय असलेला माणूस त्यांच्यावर खाली मारतो. ऑटो-५ ची चौकोनी पाठ डोळ्यासमोर येते, ती काहींना अडथळा वाटते. पण डोळा तिच्यावर टेकायला शिकला की बंदूक डावी-उजवी कलंडत नाही, ती पट्टीसारखी सरळ जाते. डोळे मिटून बंदूक खांद्याला लावावी आणि मग उघडावेत. नळीवरची पूर्ण रेघ दिसत असेल तर वर, मधला मणी झाकला जात असेल तर खाली.

शेतात निकाल वजन आणि तोल यांवरच लागतो. बारा बोअरची साधी ऑटो-५ आठ पौंड, लाइट ट्वेल्व्ह अर्ध्या पौंडाने कमी, स्वीट सिक्स्टीन पावणेसातच्या आसपास. ११०० चा पिस्टन पुढे असल्याने तिचं वजन डाव्या हातावर येतं. दुपारनंतर ते जाणवतं, पण आडव्या जाणाऱ्या पक्ष्यामागे फिरताना तेच वजन हात थांबू देत नाही. स्वीट सिक्स्टीन दोन्ही हातांत वाटून बसते. १⅛ औंस सोळा बोअर तिच्यातून अगदी मोजून मारल्यासारखं निघतं, आणि २५ ते ३५ यार्डांत तिला बारा बोअरची उणीव भासत नाही. अडचण काडतुसांची: सोळा बोअर गावातल्या दुकानात मिळेलच असं नाही, सीझनआधी मागवून ठेवावं. ४० यार्डांच्या डिसेंबरात मात्र ११०० आणि ५ नंबर.

अमेरिकेतल्या मराठी माणसाने एक कायद्याची बाब आधी बघावी. एच-वन बी वगैरे नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्याला बंदूक बाळगणं केंद्रीय कायद्याने मना आहे. चालू असलेलं राज्याचं शिकारीचं लायसन्स हा त्यातला अपवाद आहे. तेव्हा क्रम असा: हंटर एज्युकेशन, मग लायसन्स, मग दुकान आणि तिथे भरायचा बंदूक-खरेदीचा केंद्रीय फॉर्म ४४७३. मित्राची बंदूक तात्पुरती हातात घेतानाही हेच. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली पक्ष्यांची शिकार बंद आहे, त्यामुळे ‘परत जाताना घेऊन जाऊ’ हा हिशोब मनातच ठेवू नये.

बदकांसाठी यातलीच बंदूक वापरायची असेल तर दोन गोष्टी बदलतात. १९९१ पासून अमेरिकेत देशभर पाणपक्ष्यांवर शिसं बंद आहे, आणि फेडरल वॉटरफाउल प्रॉडक्शन एरियांत (पाणपक्ष्यांसाठी राखलेल्या सरकारी जागांत) फेझंटलाही शिसं चालत नाही. बेल्जियमच्या ऑटो-५ मध्ये स्टीलचे छरे घालू नयेत, असं ब्राउनिंग स्वतः सांगते. चोकजवळ नळी फुगते. जुन्या फुल चोकच्या बाकी नळ्यांतही टाळावेत. बिस्मथ या धातूचा छरा मऊ असतो, घनता शिशाच्या जवळ जाणारी, ९.६ च्या आसपास (स्टील ७.८), ते चालतं, महाग असल्याने पॅटर्न त्याच काडतुसावर पुन्हा घ्यावा, कारण शिशाचा कागद त्याला लागू पडत नाही. दुसरं, स्थलांतरित पक्ष्यांसाठी १९३५ पासून बंदुकीत तीनच काडतुसं मावायला हवीत: चेंबरमध्ये एक, मॅगझिनमध्ये दोन. होलाही यात येतो. ऑटो-५ च्या नावातच पाच आहेत, म्हणून मॅगझिनमध्ये लाकडी प्लग घालतात, आणि साफसफाईत तो काढला की टेबलावरच राहतो. शिकारीचे नियम तपासणारा वॉर्डन बंदूक घेतो, दोन काडतुसं आत सारतो आणि तिसरं ढकलून बघतो. ते जाता कामा नये.